चौथी बाटली

सरकी रात्रभर भिजली की सकाळी फुगून दुप्पट होते.

*

सातव्यात न्यावं, आठव्यात हलवू नये, नवव्यात देवाच्या मनात असेल तसं.

*

औषधाच्या चार बाटल्या, सोड्यानं धुऊन, उन्हात उलट्या ठेवलेल्या.

*

"तूप म्हन्ते, अन् गाय ना म्हैस! मंग धार कोनाची काहाडली, बाप्पा?" अमरावतीच्या बाजारात एक बाई, वनस्पती तुपाचा डबा हातात घेऊन, दुकानदाराला. सन एकोणचाळीस.

*

अकोल्याच्या कापसाच्या जिनांमागं हिवाळ्यात सरकीचे ढीग इतके वाढतात की त्यांवर शेळ्या चढून बसतात.

*

सरकीचं तेल गंधकाच्या औषधात घालून तापवलं की लाल होतं. जवसाचं होत नाही, तिळाचं होत नाही, भुईमुगाचं होत नाही.

*

भातकुलीत एका घराची आतली खोली सारवून ठेवली आहे. बाज नव्या सुतळीनं विणली आहे. खोलीत अजून कोणी आलेलं नाही.

*

हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं पडून होतं. कौशल्याला दिवस गेले आणि ते एका दोरीत ओवलं गेलं.

खोली पार्वताबाईची. कौशल्या तिची एकुलती एक लेक, दोन वर्षांमागं अकोल्याला दिलेली. पार्वताबाईचा नवरा वारून नऊ वर्षं झाली होती. काळ्या जमिनीचा तुकडा दीर वाहत होता आणि धान्य घरपोच आणून टाकत होता. पार्वताबाईकडं उरली होती चांदी नावाची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, शिंगं मागं पाठीला टेकलेली. चांदीच्या तुपाला अमरावतीत नाव होतं. बरणी उपडी केली तरी तूप खाली येत नसे. दाणा असा की चिमटीत धरून मोजावा. ज्यांच्या घरी बाळंतीण असे त्या बाया पार्वताबाईचा शेजारी नत्थुजी याच्या बैलगाडीची वाट पाहत. तूप त्याच्याच गाडीतून जाई.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, यात विचारायचं काही नसतं. पार्वताबाईनं विचारलंही नव्हतं. दिवाळीत तिनं कौशल्याला भरून एक मोठी बरणी तूप पाठवलं, डिंक निवडायला घेतला आणि खोली सारवली.

अकोल्याला मात्र महादेवराव मास्तर होते. कौशल्याचे सासरे. तीस वर्षं शाळेत शिकवून घरी बसले होते आणि शिकवण्याची सवय सुटत नव्हती. शाळा नव्हती म्हणून त्यांनी स्वयंपाकघर धरलं. काय तळावं, काय परतावं, कोणतं तेल पोटात राहतं, कोणतं रक्तात जातं, असं वर्तमानपत्रात काही छापून आलं की ते कापून वहीत डकवत. वहीवर नाव घातलं होतं: 'स्निग्ध पदार्थ'. बायको माणिकबाई त्या वहीला 'मास्तरचा सैपाक' म्हणायची. तो कधी शिजत नाही म्हणून.

वहीतलं एक पान:

*जवस. घाण्याचे. वास उग्र, गुण उष्ण. गरीब खातात म्हणून वाईट, असे नाही.*

*भुईमूग. गिरणीचे. तळाशी गाळ नाही. गिरणीत भुईमुगासोबत आणखी काय दळतात, कळायला मार्ग नाही.*

*वनस्पती. डब्याचे. पांढरे, बिनवासाचे. डब्यावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण स्वच्छ.*

*तूप. विहीणबाईंचे. सर्वांत उत्तम असावे. असावे म्हणजे आहे असे नव्हे.*

शेवटच्या वाक्यावर मास्तर थांबले. सुनेच्या पोटात त्यांचा पहिला नातू होता. (नात असू शकते, हे वहीत नव्हतं.) त्याला कोणतं स्निग्ध द्यायचं हे वासानं आणि चिमटीनं ठरवणं त्यांना पटेना. म्हणून चार बाटल्या धुतल्या गेल्या. चारींत चार पदार्थ भरले, लाखेनं तोंडं बंद केली आणि सरकारी प्रयोगशाळेकडं पाठवल्या. सोबत प्रत्येकीचा छापील फॉर्म होता. तुपाच्या फॉर्मात एक रकाना होता, 'जनावराचा आहार'. मास्तरांनी तिथं आडवी रेघ मारली. त्यांना म्हशीबद्दल काही विचारायचं नव्हतं.

महिन्यानं उत्तर आलं. पहिली बाटली शुद्ध. दुसरी शुद्ध. तिसरीत डब्यावर जे लिहिलं होतं तेच होतं. चौथीत 'सरकीच्या तेलाचा अंश आढळतो'.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"काय लिवलं?" माणिकबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"विहीणबाईंच्या तुपात सरकीचं तेल आहे."

"काहीतरीच!"

"मी म्हणत नाही. कागद म्हणतो."

"कागदानं चाखून पायलं काय?"

"चाखून नाही. तापवून. लाल झालं." मास्तर खाली बसले. "जिनवाल्यांनी नव्या गिरण्या घातल्यात. सरकीचं तेल काढतात, साफ करतात, वास मारतात. चंद्रभान सांगत होता. ते तुपात घातलं तर ओळखू येत नाही म्हणतात."

चंद्रभान म्हणजे त्यांचा मुलगा, कौशल्याचा नवरा. जिनात काट्यावर कापूस तोलायचा. बापानं त्याच्या नावानं सांगितलेल्या गोष्टी तो खाली मान घालून ऐकून घेई.

"बरणी फेकून दे," मास्तर म्हणाले. "सुनेला डब्यातलं लाव. त्यात निदान जे सांगितलं तेच आहे."

माणिकबाईनं बरणी उचलली आणि आत नेली. एवढंच मास्तरांनी पाहिलं.

*

पोस्टकार्ड भातकुलीला गेलं. मास्तरांचं अक्षर वळणदार होतं आणि मजकूर सौम्य. 'आपल्यावर आरोप नाही. मध्ये कोणी हात मारला असेल. तरी पुन्हा एक नमुना, आपल्या हातानं काढलेला, आपल्या हातानं बंद केलेला, पाठवावा. तोवर चि. सौ. कौशल्येस माहेरी पाठवण्याचा विचार स्थगित.'

नत्थुजीनं ते अंगणात उभ्यानं वाचलं. 'स्थगित'वर अडखळला.

"म्हंजे?" पार्वताबाई म्हणाली.

"म्हंजे थांबवला."

"काहून?"

"तुपात सरकीचं तेल निंगालं म्हनते, वहिनी."

पार्वताबाई खाली बसली. तिच्या हातात चांदीचं दावं होतं. ते गुंडाळत तिनं विचारलं, "नत्थुभाऊ, गाडीत तुमी तं काई केलं नाई न?"

"माया हातात काय तेल हाय? माया डोक्याले लावाले मिळत नाई!" नत्थुजी चिडला. मग चिडणं सोडून म्हणाला, "पाठवा न दुसरं. काय घाबरता? तुमचं तूप कोनाच्या बापाले भेतं काय?"

पार्वताबाई भीत नव्हती. भीत असती तर पुढचं झालं नसतं. तिला वाटलं, या वेळच्या बाटलीत असं तूप जावं की तपासणाऱ्यानं बोटं चाटावी. आणि तूप कशानं होतं? तिच्या आईनं सांगितलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. कडब्यानं दूध होतं, पेंडीच्या ढेपीनं म्हैस होते, सरकीनं तूप होतं. दाणा पडतो तो सरकीनं. घट्टपणा येतो तो सरकीनं. भातकुलीपासून तेल्हाऱ्यापर्यंत कापसाच्या मुलखात कोणत्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल आणि विचारल्याबद्दल हसेल.

म्हणून तिनं चांदीचा कडबा अर्धा केला. ढेप बंद केली. हिरवा चारा बांधावरच राहू दिला. दिरानं बियाण्यासाठी ठेवलेल्या सरकीतून दोन पोती मागून आणली आणि वीस दिवस म्हशीला सकाळ-संध्याकाळ नुसती भिजलेली सरकी घातली. चांदी खुशीत होती. दूध दाट झालं. वीस दिवसांचं लोणी कढवून जे तूप निघालं ते पाहून नत्थुजी म्हणाला, "वहिनी, हे तूप नाई. खडीसाखर हाय."

पार्वताबाईनं बाटली स्वतः भरली. लाख स्वतः वितळवली. त्यावर नवऱ्याच्या अंगठीचा ठसा उठवला.

दुसऱ्या तपासणीत रंग पहिल्यापेक्षा गडद आला.

*

मास्तरांचं दुसरं पोस्टकार्ड तीन ओळींचं होतं. तपासणीत तूप पुन्हा लाल आलं; एकदा चूक होऊ शकते, दोनदा होत नाही. कौशल्येचं बाळंतपण अकोल्यास होईल. आपण वाईट वाटून घेऊ नये.

कौशल्याला सातवा लागून आठ दिवस झाले होते.

पार्वताबाई कोणाशी भांडली नाही. भांडायला समोर कोणी नव्हतं, पोस्टकार्ड होतं. तिनं चांदीचं दूध काढलं, विरजण लावलं, लोणी काढलं, कढवलं आणि आपल्याच तुपाचा वास घेत चुलीपाशी बसून राहिली. गावात बातमी नत्थुजीच्या गाडीच्या आधी पोचली होती. अमरावतीच्या दोन घरांनी सांगून पाठवलं की सध्या बाळंतीण नाही. त्यांच्याकडं बाळंतीण होती. नत्थुजीनं तिला दारात उन्हाला बसलेलं पाहिलं होतं.

"त्याईनं डब्याचं घेतलं," तो म्हणाला.

"घेऊ दे."

"पन तुमी काई तं बोला!"

"काय बोलू? मले लाल निंगालेलं दाखवा, मी बोल्तो." वऱ्हाडात बायकाही 'मी बोल्तो' असंच म्हणतात.

मग पौषात कौशल्याचं कार्ड आलं. ती चौथीपर्यंत शिकली होती. अक्षर सासऱ्याच्या नजरेखालून गेलेलं असावं, कारण सगळं खुशाल होतं. फक्त शेवटी, पत्त्याच्या कडेला, बारीक, उलटं लिहिलं होतं: 'माय, दिवेलागणीच्या येळेले मले दिसत नाई. काल तुळशीच्या कट्ट्यावर पडली. सासूबाई म्हन्ते गरवारीले होते असं. लागलं नाई.'

नत्थुजीनं कार्ड फिरवून फिरवून वाचलं.

पार्वताबाईनं पहिल्यांदा विचारलं ते एवढंच: "ते पोरगी काय खाते म्हनून लिवलं?"

"नाई लिवलं."

"डब्याचं."

"असंन."

तिला कोणतं स्निग्ध डोळ्याला लागतं हे माहीत नव्हतं. तशी वही तिच्याकडं नव्हती. तिला एवढंच माहीत होतं की गावात ज्या घरात दूध-तूप नसतं त्या घरातली गरोदर बाई संध्याकाळी भिंत धरून चालते, आणि तिला कोणी वाटीभर तूप नाहीतर बोकडाची कलेजी नेऊन दिली की महिन्यात भिंत सोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं म्हशीच्या पाठीवर सरकीची एक थैली बांधली, पारडूला दाव्यानं म्हशीला जोडलं आणि निघाली. पौषात कोणी शुभ काम काढत नाही. म्हैस हाकत नेणं शुभ की अशुभ, हे कोणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

नत्थुजी मागून पळत आला. "आगगाडीनं जा न, बाप्पा! बडनेऱ्याहून बसाचं!"

"म्हशीचं टिकट कोन काढंन?"

"म्हैस कायले नेता?"

"मास्तरले कागद पटते. मले म्हैस पटते." ती थांबली नाही. नत्थुजीनं घरी जाऊन घोंगडी घेतली आणि तोही मागं लागला. एकट्या बाईला चार दिवसांच्या वाटेनं सोडता येत नव्हतं. शिवाय पुढं काय होतं ते त्याला पाहायचं होतं.

वाटेत चांदीनं जे खाल्लं ते असं: पेढी नदीच्या काठचा हरळीचा पट्टा. मूर्तिजापूरच्या अलीकडं एका गाडीतून सांडलेला कडबा. मूर्तिजापूरच्या धर्मशाळेमागं कोणाच्या तरी तुरीचं कुटार, शेंगांचा भुसा, ज्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या. बोरगावजवळ केळीची सालं. रोज सकाळी थैलीतली सरकी. चौथ्या दिवशी अकोल्याच्या वेशीवर तिनं एका भिंतीवरची निवडणुकीची जाहिरात ओढून खाल्ली. दूध निम्म्यावर आलं होतं.

*

महादेवराव मास्तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. फाटकातून आधी शिंगं आली.

"विहीणबाई?"

"मीच व्हय."

"हे काय?"

"म्हैस हाय, मास्तर. तुमी तूप तपासलं. आता म्हैस तपासा." पार्वताबाईनं दावं अंगणातल्या कडुनिंबाला बांधलं. "आठ दिवस अथी बांधतो. तिच्या तोंडात जे जाईन ते तुमच्या डोयासमोर जाईन. धार तुमच्या डोयासमोर. लोनी इहीनबाईच्या हातानं. बाटली तुमी बंद करा. मंगही लाल निंगालं तं मी म्हैस घेऊन वापस जातो, अन् माया तोंडातून लेकीचं नाव काहाडत नाई."

शेजारच्या दोन घरांतल्या बायका भिंतीवरून पाहत होत्या. मास्तर उठून उभे राहिले. त्यांना अन्यायाची चीड होती. तो आपल्या हातून होत असेल ही शक्यता त्यांच्या ध्यानात कमी वेळा येई, पण आली की ते तिला जागा देत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हीच शास्त्रीय पद्धत आहे."

"पद्धत राहू द्या. पानी पाजा तिले."

कौशल्या दारात आली. पोट पुढं, चेहरा फिक्का. दुपार होती, म्हणून तिला सगळं दिसत होतं. ती आधी पारडूला बिलगली, मग आईला.

लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आई घेत नाही. पार्वताबाईनं फाटकाच्या बाहेर, अंगणाच्या भिंतीला लागून, तीन दगड मांडले. पीठ आपलं, सरपण नत्थुजीनं आणलेलं, पाणी रस्त्याच्या नळाचं. माणिकबाईला ते फार लागलं.

"इहीनबाई, घोटभर चाय तं घ्या! एवढ्या दुरून आल्या."

"नातू होऊ द्या. मंग तुमच्या रांजनातच बसतो."

पहिल्या संध्याकाळी माणिकबाई स्वयंपाकघरातून एक बरणी घेऊन बाहेर आली. ती दिवाळीची बरणी होती. अर्धी रिकामी.

"हे पाहा बाई, खोटं नाई बोलत. मास्तर म्हने फेक. एवढं दानेदार तूप फेकाले मी काय येडी हाय? मी खाल्लं."

"तुमी खाल्लं?"

"रोज. खिचडीवर."

"अन् मायी लेक डब्याचं खाते?"

माणिकबाईचा आवाज खाली गेला. "मले म्हातारीले काय होते? भेसळ असली तं माया पोटात जाईन. तिच्या पोटात लेकरू हाय न, बाई." ती थोडी थांबली. "मले वाटे भेसळ नाई. पन कागद दोनदा आला. मी किती डाव वाटू देऊ?"

पार्वताबाईनं बरणी हातात घेतली, आत बोट घातलं आणि ते कौशल्याच्या तोंडात दिलं. मास्तर ओट्यावर होते. त्यांनी वर्तमानपत्र वर केलं. त्या दिवसापासून कौशल्याच्या ताटात उरलेलं तूप, चांदीचं ताजं दूध आणि माणिकबाईनं स्वतःच्या अकलेनं आणलेली चवळाईची भाजी पडू लागली. वहीत याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खुर्ची घेऊन म्हशीसमोर बसले. पेन्सिल, वही. पार्वताबाईनं घमेलं पुढं सरकवलं. त्यात रात्री भिजवलेली सरकी होती, काळसर, फुगलेली.

मास्तरांची पेन्सिल थांबली.

"हे काय आहे?"

"सरकी."

"ही खाते?"

"नाई, मी खातो." पार्वताबाईनं घमेलं म्हशीच्या तोंडाखाली धरलं. "खाते म्हंजे! रोज खाते."

"रोज?"

"अवो मास्तर, कापसाच्या मुलुखातली म्हैस काय बदाम खाईन? मांगच्या बाटलीच्या येळेले तं मी अर्ध्या कडब्याबिगर दुसरं काईच नाई देल्लं. वीस दिवस निरी सरकी. म्हनलं, चांगलं तूप जाऊ दे सरकारले."

नत्थुजी फाटकावर बसून विडी ओढत होता. त्यानं नंतर गावात सांगितलं की मास्तरचं तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही आणि म्हशीचंही नाही, दोघं समोरासमोर.

मास्तर आत गेले. ट्रंक उघडण्याचा आवाज आला. त्यांनी दोन्ही वेळच्या फॉर्मांच्या नकला काढल्या. दोन्हींत 'जनावराचा आहार' या रकान्यात आडवी रेघ होती. सरळ, पट्टीनं मारलेली.

ते पुन्हा बाहेर आले. खुर्चीवर बसले आणि चांदीनं घमेलं चाटून पुसून रिकामं करेपर्यंत पाहत राहिले. सरकी म्हशीच्या तोंडातून पोटात जाते आणि दुधातून बाहेर येते, एवढं साधं. तीस वर्षं मुलांना पचनसंस्था शिकवलेली. एकदाही त्यांनी फळ्यावरची म्हैस आणि ताटातलं तूप यांच्यात रेघ ओढली नव्हती.

"मग कोन खोटं?" माणिकबाईनं विचारलं. "कागद का तूप?"

"दोन्ही खरं आहे," मास्तर म्हणाले.

"अन् मंग एवढं कायले झालं?"

उत्तर त्यांच्या हातातल्या दोन कागदांवर होतं, पट्टीनं मारलेलं.

*

तरी आठ दिवस पुरे केले. पार्वताबाईनंच सोडलं नाही. "बोल्लं ते बोल्लं," म्हणाली. दूध मास्तरांसमोर निघालं, लोणी माणिकबाईच्या हातानं निघालं, तुपात विड्याचं पान कौशल्यानं टाकलं. बाटली मास्तरांनी बंद केली. फॉर्म भरताना त्या रकान्यात त्यांनी एवढं लिहिलं की ओळ खालच्या रकान्यात उतरली: सरकी रोज सकाळी अमुक, कडबा अमुक, बाकी वाटेत मिळेल ते, त्यात एक छापील जाहिरात.

बाटली गेली. मग वाट पाहणं उरलं, आणि या वाट पाहण्यातच सातवा महिना संपला.

कौशल्या कोणत्या दिवशी तुळशीला दिवा लावून भिंत न धरता परत आली, हे कोणाला नेमकं सांगता येत नाही. माणिकबाई म्हणते अकरावा दिवस. पार्वताबाई म्हणते विसावा. दुधानं झालं, तुपानं की चवळाईनं, हेही कोणी वेगळं करून पाहिलं नाही. मास्तरांनी एकदा वही उघडली होती. मग मिटली.

माघ निम्मा झाला तेव्हा लिफाफा आला. मास्तरांनी तो ओट्यावर उभं राहून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला, भिंतीवरच्या बायकांनाही. नमुन्यास लाल रंग येतो. परंतु सरकी खाणाऱ्या जनावराच्या तुपात ही खूण आपोआप उतरते, असा अनुभव आहे. अन्य भेसळ नाही. नमुना शुद्ध समजावा. यापुढे आहाराचा रकाना रिकामा ठेवू नये.

शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं नाही.

"विहीणबाई," ते म्हणाले, "सुनेला घेऊन जा."

पार्वताबाईनं हातातलं शेण खाली टाकलं. "आता आठवा लागला न, मास्तर."

आठव्यात हलवत नाहीत, हे मास्तरांना माहीत नव्हतं. माणिकबाईनं कपाळावर हात मारला.

म्हणून नववा लागेपर्यंत थांबायचं ठरलं. नत्थुजी भातकुलीला जाऊन गाडीत गवत भरून, वर गादी टाकून येणार होता. खोली पुन्हा सारवायला त्यानं आपल्या बायकोला सांगायचं होतं. पार्वताबाई तीन दगडांवर भाकरी भाजत दिवस मोजत होती आणि शेजारच्या बायकांना, न विचारता, खोलीला खिडकी कुठल्या दिशेला आहे ते सांगत होती.

नववा लागला. गाडी आली. कौशल्या म्हणाली, "मी नाई येत, माय."

"काहून?"

"चार दिवस गाडीत धक्के खात येऊ? वाटेत काई झालं म्हंजे?"

"आगगाडीनं जाऊ."

"अन् म्हैस? हे पुन्हा पायी नेशीन. दूध आटलं तं मी बाळंतपनात खाऊ काय? डब्याचं?" कौशल्या उंबऱ्यावर बसली होती, एक हात पाठीवर. "अथी सरकारी दवाखाना हाय. तिथं सुईन शेजारच्या गावाहून येते, आली तं."

"पयलं बाळंतपन हाय तुयं. मायच्या घरी होते. लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन का माय म्हैस घेऊन आली." कौशल्या हसली. "आता म्हैस अथी, तू अथी. मी तिथं जाऊन कोनाजवळ राहू?"

पार्वताबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. गाडीतल्या गवतावर नत्थुजीच्या बायकोनं धुतलेली चादर घातली होती. भातकुलीहून ती मास्तरांना खोटं ठरवायला निघाली नव्हती, लेकीला घरी न्यायला निघाली होती. मास्तर आता दारात येऊन स्वतः म्हणत होते, न्या. आणि लेक म्हणत होती, नाही.

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत गाडीच्या चाकाला टेकून बसली. माणिकबाईनं दोनदा चहाचं विचारलं आणि दोनदा परत गेली. नत्थुजीनं बैल सोडून गाडीतलं गवत चांदीपुढं टाकलं. चादर तेवढी घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाईनं घमेल्यात सरकी घेतली, म्हशीपुढं ठेवली, धार काढली आणि माणिकबाईला हाक मारली. "इहीनबाई, घुसळाले रई द्या. आज लोनी जास्त निंगन."

फाल्गुनात कौशल्याला मुलगी झाली. मास्तरांनी वहीत तारीख आणि वजन लिहिलं.

कौशल्या स्वतः जन्मली त्या वर्षी पार्वताबाईच्या गोठ्यात म्हैस नव्हती. त्या बाळंतपणात आईनं चाळीस दिवस गावच्या घाण्यावरचं करडीचं तेल खाल्लं होतं, आणि लेक ठणठणीत वाढली होती.